नमुन्याची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. वय वर्षं बावीस. एवढ्या वर्षांत माझ्यावर किती माणसं बसली याची गणती नाही, पण झोपलं मात्र एकच माणूस, तेही दिवसाढवळ्या आणि नियम मोडून. ती हकिगत सांगायची तर आधी माझं थोडं गाऱ्हाणं ऐकावं लागेल. खाटेला कोणी 'कशी आहेस' असं विचारत नाही, त्यामुळे बोलायला लागले की जरा लांबण लागते. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहासाठी चाळीस खाटा हव्या होत्या. माझी पाळी आली त्या दिवशी वेल्डरची बायको महिन्याभराने घरी परत आलेली होती म्हणे, आणि माणूस भलताच खुशीत होता. त्याने माझे सांधे असे जोडले की बोट फिरवलं तरी कळू नये. चारही पाय एका मापाचे. रंगाचे तीन हात. मग तो माझ्यावर एकदा दणकन बसला, उठला, आणि म्हणाला, "ही झकास उतरली. नमुन्याला हीच द्या."

तेवढ्या एका वाक्याने माझ्या आयुष्याचं मातेरं झालं.

माझ्या एकोणचाळीस बहिणी वर गेल्या, खऱ्या खोल्यांमध्ये. मला ठेवलं तळमजल्यावर, रेक्टरबाईंच्या कचेरीसमोरच्या नमुन्याच्या खोलीत. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. दरवर्षी बारावी होऊन नव्या मुली येतात. एका दिवशी त्यांना सगळं वसतिगृह दाखवतात आणि कोणाला कशी खोली हवी ते विचारतात. एकटीची, दोघींची की तिघींची. वरच्या खोल्यांमध्ये जुन्या मुलींचं सामान असतं, तिथे सगळ्यांना शिरू देता येत नाही. म्हणून ही एक खोली. एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट, एक दिवा आणि मी. आमची खिडकी हिरवळीवर उघडते. वरच्या बहुतेक खिडक्या पाण्याच्या टाकीवर उघडतात, पण ते त्या दिवशी कोणी सांगत नाही.

निवडीच्या दिवशी माझे जे हाल होतात ते काय वर्णावे. बाप येतात आणि वाकून माझे पाय हलवून बघतात. एखादे आजोबा वितीने माझी लांबी मोजतात आणि नातीकडे बघून आकडा पुटपुटतात. आया गादीत मूठ खुपसतात. काही जणी तर गादी उचलून खाली ढेकूण आहेत का ते बघतात, जसं काही मी ते पाहुणे म्हणून बोलावलेत. आणि जिने झोपायचं ती मुलगी कडेला टेकते, दोनदा उडून बघते, फोनमध्ये डोकं घालते आणि उठते. प्रत्येकीची दोन मिनिटं. जाताना सगळे तोंड भरून सांगतात, "खाट चांगली आहे हो." कौतुकाला कधी तोटा पडला नाही. पण भिंतीवर पाटी आहे, 'कृपया आडवे होऊ नये'. रेक्टरबाईंनी ती स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. रोज सकाळी त्या चादर अशी ताणून बसवतात की एखादी माशी घसरावी.

दमणूक कामानेच येते असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. मी बावीस वर्षं काही न करता दमले आहे. मधूनमधून माझी एखादी बहीण पाय वाकला म्हणून दुरुस्तीला दारावरून न्यायचे. तिच्या डोक्याकडच्या पट्टीवर नावं कोरलेली असायची, कुठे मेणबत्तीचे डाग, कुठे टिकल्या. ती पार खिळखिळी झालेली, आणि तरी मला तिचा हेवा वाटायचा. लाज वाटते सांगायला, पण वाटायचा.

तर मित्रांनो, दोन वर्षांपूर्वीचा निवडीचा दिवस. दुपारचे पावणेतीन वाजले होते. सकाळपासून माझ्यावर साठएक जणी बसून गेल्या होत्या. निवडीचे कागद चार वाजेपर्यंत रेक्टरबाईंच्या टेबलावरच्या पेटीत पडायला हवे होते. चारनंतर पेटी बंद, मग उरेल ती खोली. आणि दोघींची खोली हवी असेल तर दोघींनी एकमेकींचा प्रवेश क्रमांक कागदावर लिहायचा, नाहीतर बाई चिठ्ठ्या टाकणार.

त्या वेळी दारात एक मायलेकींची जोडी उभी राहिली. लेक उंच, किडकिडीत, खांद्यावर पिशवी घट्ट धरलेली. आई बुटकी, आणि तिच्या हातांची बोटं गरम पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढुरकी. ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, हे मला पुढच्या मिनिटात कळलं. कारण तिने मूठ खुपसली नाही, की पाय हलवले नाहीत. तिने माझ्या चादरीचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला.

"खळ जास्त झालीय," ती म्हणाली. "अंगाला टोचेल. पण धुतलीय चांगली."

तोवरच्या वीस वर्षांत माझ्याशी इतकं समजून कोणी बोललं नव्हतं.

"आई, आपण चादर बघायला आलेलो नाही," लेक म्हणाली.

"बरं बाई. खोली बघ तू. मी जरा टेकते. पहाटे चारपासून उभी आहे."

आई बसली. बसली म्हणजे तिने अंग टाकलं, पाटीकडे तिचं लक्षही नव्हतं. आणि मग दोघींचं बसमध्ये अर्धवट राहिलेलं भांडण पुन्हा सुरू झालं. दबक्या आवाजातली भांडणं मला चांगली ऐकू येतात, लोक ती माझ्यावर बसूनच करतात.

"मी सांगितलंय तुला, मला एकटीची हवी."

"आणि रात्री काही झालं म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, आई. दोन वर्षांत एकदाही फिट आलेली नाही."

"गोळ्या चालू आहेत म्हणून नाही आली. आणि यायची ती सांगून येते का? तिघींची घे, चिऊ. कोणीतरी असेल जवळ."

"चिऊ म्हणू नकोस इथे. आणि ते कोणीतरी मला नकोच आहे. शाळेत काय झालं ते विसरलीस? वर्गात एकदा आली, तर वर्षभर माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. इथे मला कोणाला काही सांगायचं नाही. दार लावून राहीन. कोणाला कळणारही नाही."

"कळणार नाही, याचीच तर भीती आहे मला," आई म्हणाली. पण तिचा आवाज अर्ध्यातच विरला.

लेकीने पिशवीतून आपला कागद काढला. तो तिने बसमध्येच भरला होता. 'एकटीची' या चौकटीत खूण, आणि खाली 'आरोग्याविषयी सांगण्यासारखं काही' या ओळीपुढे ठळक अक्षरात 'काही नाही'. एवढं एक खोटं लिहिताना तिने पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती. "मी वर जाऊन एकटीची खोली बघून येते," ती म्हणाली. "आल्यावर सही कर." दुसऱ्या वर्षाची एक मुलगी नव्या मुलींचा घोळका घेऊन जिन्याकडे निघाली होती, तिच्या मागोमाग लेक गेली.

आईने दोन मिनिटं खिडकीतून हिरवळीकडे बघितलं. मग ती किंचित कलली. मग कोपरावर आली. मग पाय वर घेतले, तेही आधी चपला काढून आणि नीट जोडून ठेवून. आणि मग, मित्रांनो, तिचा डोळा लागला.

काय सांगू तुम्हाला. माणसाचं वजन बसल्यावर एक असतं आणि झोपल्यावर निराळंच. झोपलेलं माणूस आपलं सगळं ओझं खाली सोडून देतं, काही हातचं राखत नाही. माझ्या पट्ट्या पहिल्यांदाच कुरकुरल्या. वेल्डरने केलेले ते सांधे नेमके कशासाठी होते हे मला विसाव्या वर्षी कळलं. मला भरून आलं होतं. खाटेला भरून येऊन उपयोग काय, म्हणून मी नुसती स्थिर राहिले.

लेक वीस मिनिटांनी परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. तिला एकटीची खोली आवडली होती, हे सांगायला नकोच. "आई, टाकी दिसते खिडकीतून, पण..." म्हणत ती आत आली आणि थांबली. आई कुशीवर झोपली होती. तिचा उजवा हात अंगाखालून पुढे आला होता आणि चादरीवर काहीतरी चाचपत होता. बोटं उघडत होती, मिटत होती, पुन्हा थोडं पुढे सरकत होती.

ती काय शोधत होती हे मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून तिला झोपेत फिट यायची. आईने धुलाईखान्यातून गठ्ठे बांधायची पांढरी सुती फीत आणली. एक टोक मुलीच्या मनगटाला, एक स्वतःच्या. पोरीचा हात हलला की आईला जाग. पुढे गोळ्या लागू पडल्या, फीत सुटली, पण आईच्या हाताला सवय जडली ती जडलीच. लेकीचं मनगट हाताशी लागलं नाही की तिची झोप मोडायची. दहा वर्षं ही बाई अशी अर्धीच झोपत होती.

लेकीने तिला उठवायला हात पुढे केला. तेवढ्यात ती चाचपणारी बोटं तिच्या मनगटाला लागली आणि घट्ट मिटली. आईच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला आणि ती जड झाली, आधीपेक्षाही. लेक तिथेच खाली बसली, मला टेकून, एक हात वर अडकलेला.

उठवावं की नाही, तिचं तिलाच ठरेना. घड्याळात तीन पंचवीस झाले होते. सही तर हवी. तिने मोकळ्या हाताने आईची पर्स ओढली, पेन शोधायला. पेन निघालं, ती गुंडाळलेली फीत निघाली, आणि एक चार घड्या घातलेला कागद निघाला. निवडीचाच कागद, दुसरा. तिने तो माझ्यावर पसरला, म्हणून मलाही वाचता आला.

धुलाईखान्यात चादरींवर खुणा घालतात तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत आईने तो भरला होता. 'तिघींची' पुढे खूण होती, ती खोडलेली. 'दोघींची' पुढे खूण होती, तीही खोडलेली. 'एकटीची' पुढे खूण होती आणि ती तशीच होती. सही केलेली होती. आरोग्याच्या ओळीपुढे लिहिलं होतं, 'फिट येते. दोन वर्षांत नाही. मुलीला कोणाला कळलेलं आवडत नाही. फक्त आतून कडी लावू देऊ नये, दार नुसतं लोटलेलं असावं.' सबंध प्रवासभर नको नको म्हणणाऱ्या आईने हा कागद कधीचाच भरून ठेवला होता.

मुलीने तो वाचला. परत वाचला. तिला हवं होतं ते मिळालं होतं, सहीसकट. आता फक्त हात सोडवायचा आणि समोरच्या पेटीत कागद टाकायचा. ती उठली नाही. ती रडायला लागली, आवाज न करता, आणि एक हात आईकडे, दुसऱ्यात कागद, म्हणून नाक खांद्याला पुसत.

नेमक्या त्याच वेळी रेक्टरबाई शेवटचा घोळका घेऊन दारात आल्या. मी मनात म्हटलं, आता संपलं. पाटी त्यांच्या हाताची, चादर त्यांच्या हाताची, आणि तिच्यावर एक अनोळखी बाई गाढ झोपलेली. बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग त्यांनी कडेला जोडून ठेवलेल्या चपला बघितल्या, ती पांढुरकी बोटं बघितली, आणि मुलीचं लाल नाकही बघितलं असावं.

"ही आपली नमुन्याची खोली," त्या घोळक्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या. "वापरात असली म्हणजे अशी दिसते. बाहेरूनच बघा."

घोळका माना लांब करून बघून गेला. एक मुलगी मात्र मागे राहिली. गोल चेहऱ्याची, मनगटाला प्लॅस्टिकचं मोठं घड्याळ, हातात अर्धाच भरलेला कागद. ती खुर्चीवर बसली.

"बसू का जरा? बाहेर सगळ्यांच्या जोड्या जमल्यात," ती कुजबुजली. "मला दोघींची हवी आहे, पण मी खरं सांगते आणि मग कोणी क्रमांक देत नाही. तीन जणींनी नाही म्हटलं."

"काय खरं सांगतेस?"

"मी घोरते."

"किती?"

"शेजारचे भिंतीवर मारतात. घरी मला ट्रॅक्टर म्हणतात. एकटीची घे म्हणाला दादा. पण एकटीला मला झोपच येत नाही. म्हणजे घोरायचं म्हटलं तरी कोणीतरी लागतं." मग ती जवळ वाकली. "तू रडतेयस का? आणि आईने हात असा का धरलाय?"

आता बघा मित्रांनो, इथे मुलीला काहीही सांगता आलं असतं. झोपेत धरलाय, सवय आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. घड्याळात तीन चाळीस झाले होते. ती आईकडे बघत होती. तिला पहिल्यांदाच कळत होतं की ती इथे दार लावून निवांत झोपेल तेव्हा तिकडे घरी हा हात रोज रात्री असा चादरीवर चाचपत फिरेल.

"मला फिट येते," ती म्हणाली. "झोपेत. आली तर कळावं म्हणून."

ट्रॅक्टरने खुर्ची मागे सरकवली नाही. पण ती घाबरली, हे दिसत होतं. "मला रक्त बघवत नाही," ती म्हणाली.

"रक्त नसतं."

"मग काय असतं?"

"हातपाय आवळतात, झटके येतात, दोन-तीन मिनिटं. आजूबाजूचं लागेल असं काही असेल ते बाजूला करायचं. दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही, लोक चमचा घालायला बघतात, तो घालू द्यायचा नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि जमलं की एका कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेलं तर डॉक्टरांना बोलवायला लावायचं. मग मी झोपते. उठल्यावर मला थोडा वेळ काही सुचत नाही. एवढंच."

"आणि मी घाबरले तर?"

"घाबर. पण घड्याळ बघ."

ट्रॅक्टरने आपल्या घड्याळाकडे बघितलं, जणू ते आत्ताच चालू आहे ना याची खात्री करत होती. माझी तर पट्टीसुद्धा कुरकुरायची थांबली होती.

"तुला जाग येईल माझ्या घोरण्याने," शेवटी ट्रॅक्टर म्हणाली.

"येऊ दे. तू घोरतेस तोवर तू आहेस हे कळेल."

"क्रमांक सांग तुझा."

तीन पन्नास. दोघींनी कागद भरले. मुलीने स्वतःचा बसमधला कागद फाडला नाही, त्याच्यावरच 'एकटीची'ची खूण खोडून 'दोघींची'पुढे केली, आणि 'काही नाही' खोडून त्याच्या शेजारी खरं ते लिहिलं. जागा कमी होती, अक्षरं कडेने वर चढली. सहीची काळजी ट्रॅक्टरने मिटवली. तिने रेक्टरबाईंना जाऊन विचारलं, तर बाई म्हणाल्या, उद्यापर्यंत सही चालेल, कागद मात्र चारच्या आत पेटीत, आणि जिचा तिने स्वतः टाकायचा.

आता अडचण उरली ती हाताची. मुलीने मनगट जरा ओढलं की आईची बोटं आवळत. आणखी ओढलं असतं तर ती जागी झाली असती. मुलीने ट्रॅक्टरकडे बघितलं. बघतच राहिली.

"तुझा कागद टाकून आलीस ना?"

"आत्ताच टाकला."

"मग तुझा हात दे जरा."

"माझा?"

"घड्याळ काढ. नाहीतर तिला कळेल."

ट्रॅक्टरने घड्याळ काढलं आणि ती माझ्याजवळ खाली बसली. मुलीने एकेक बोट सैल करून आपला हात काढला आणि त्या जागी ते दुसरं, गुबगुबीत मनगट सरकवलं. आईची बोटं क्षणभर उघडी राहिली. मग बोटं मिटली. आई तशीच झोपून राहिली, जड, सगळी माझ्यावर.

मुलगी उभी राहून ते बघत होती. तिला आनंद झाला की वाईट वाटलं हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. मग तिला घड्याळ आठवलं आणि ती धावली. समोरच्या दारातून मला दिसलं, रेक्टरबाईंनी पेटीवर हात ठेवलेलाच होता. त्यांनी कागद हातात घेतला, ती कडेने चढलेली ओळ वाचली, चष्म्यावरून मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं लिहिलंस. जिन्याजवळची खोली देते, माझ्या खोलीच्या वरची." कागद पेटीत पडला.

आईला जाग आली ती चार वाजून वीस मिनिटांनी. तिने डोळे न उघडता मनगटावरून अंगठा फिरवला आणि थबकली. धुलाईखान्यातल्या बाईच्या बोटांना काय फसवणार. तिने डोळे उघडले.

"तू कोण गं?"

"मी ट्रॅक्टर."

आई ताडकन उठून बसली. "चिऊ कुठाय? किती वाजले? अगं, कागद?"

"दिला, आई," खुर्चीतून लेक म्हणाली. "दोघींची."

आईने लेकीकडे बघितलं, मग आपल्या हातातल्या त्या परक्या मनगटाकडे. तिने ते अजून सोडलं नव्हतं. "हिला सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"चमच्याचंसुद्धा," ट्रॅक्टर म्हणाली.

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने ट्रॅक्टरच्या मनगटावरचे स्वतःच्या बोटांचे लाल वळ बघितले आणि ते चोळायला लागली. "दुखला का गं?" "नाही, मुंग्या आल्यात." मग आई उतरली, चपला घातल्या, आणि माझी चादर चारही कोपऱ्यांनी अशी दुमडून बसवली की रेक्टरबाई दारात उभ्या राहून शिकल्या असत्या. निघताना तिला ती फीत दिसली, माझ्यावर राहिलेली. तिने ती हातात धरून जरा वेळ विचार केला आणि ट्रॅक्टरला दिली.

"ही कशाला?"

"खिडकीत बांधा. रुमाल वाळत घालायला होईल."

एवढंच झालं, मित्रांनो. मोठं काही घडलं नाही. गादीत मधोमध एक खोलगट खूण राहिली आणि रेक्टरबाईंनी ती गादी अजून उलटलेली नाही. पाटी तशीच आहे.

त्यानंतर साताठ महिन्यांनी एका दुपारी जिन्यावरून धाडधाड पावलं आली. ट्रॅक्टर होती, चेहरा पांढराफटक, हातात ते प्लॅस्टिकचं घड्याळ. समोरच्या कचेरीत जाऊन ती एका दमात म्हणाली, "तीन मिनिटं वीस सेकंद. कुशीवर वळवली. जिभेला थोडं लागलंय, मी बघितलं. आता झोपलीय, शेजारची जवळ बसलीय." आणि मग ती खाली फरशीवर बसून ढसाढसा रडली. रेक्टरबाईंनी आधी तिला पाणी दिलं आणि मग घरी फोन लावला. फोनमधला आवाज कचेरीभर ऐकू येत होता. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि लेकीचं विचारून झाल्यावर म्हणाली, "आणि ट्रॅक्टर? ती कशी आहे? तिला झोपायला सांगा जरा."

उद्या पुन्हा निवडीचा दिवस आहे. यंदाचा माझा शेवटचाच, असं ऐकते. पुढच्या वर्षीपासून खोल्यांचे फोटो फोनवर पाठवणार आहेत, मग नमुन्याची गरज काय. मला कुठे टाकतील कोण जाणे. मी आता बोलून दमले आहे, पण एक मागणं आहे. उद्या तुम्ही याल तेव्हा माझे पाय हलवू नका, मूठ खुपसू नका. ते सगळं ठीक आहे, वेल्डर खुशीत होता. तुम्ही तुमच्याबरोबर कोण आलंय तेवढं बघा. ते पहाटेपासून उभं असेल तर त्याला सांगा, टेक जरा. पाटी रुमालाने झाकलीय असं समजा. खोल्या तुम्ही बघून या. तोवर मी आहे.